पहाट पक्षाची कामगिरी, तिया पुरिंग यांच्या माहितीसाठी

सान तेल्मो, इलोइलो
फिएस्तानंतरचा तिसरा मंगळवार

आदरणीय तिया पुरिंग यांस,

तुमचा उजवा हात (तो दूर परदेशात विनिपेगला असल्यामुळे मनातल्या मनातच) आशीर्वादासाठी कपाळाला लावून तुमची भाची जोव्हलिन हे पत्र लिहिते. गुडघे कसे आहेत? नवी कवळी बसली का, की अजून ती बोलताना तुमच्याआधी बोलते? इथे आम्ही सगळे ठीक. तुमचा खोका पोचला. डबाबंद मांस, साबण, हातापायाला लावायची क्रीमं आणि बर्फात घालायचे ते लोकरी पायजमे, सगळं सुखरूप आलं. पायजमे बघून गल्लीला फार आनंद झाला. इथे सध्या चौतीस डिग्री आहे, त्यामुळे ते आम्ही नुसते हाताळतो आणि परत ठेवतो.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आपला पहाट पक्ष इथे कसा चाललाय, आणि पक्ष 'तुझ्यासारख्यांसाठी' फार काही करतोय असं तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळात ऐकलं ते खरं का. ज्या बाईने सान तेल्मोत पक्षाची महिला आघाडी उभी केली, जिचा फोटो कार्यालयात संस्थापकांच्या रांगेत तिसरा आहे (पहिले दोघे वारले, त्यामुळे तुमच्यापुढेही सवयीने मेणबत्ती लावतात, मनावर घेऊ नका), तिला तुटक उत्तर देणं बरं दिसणार नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. कॉफी करून घ्या आणि बसा.

तुम्ही ज्याला शाळेत पहिली अक्षरं शिकवलीत तो तेओफिस्तो आरान्सियो आता उपनगराध्यक्ष आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दर तीन आठवड्यांनी तो माझ्या पार्लरला मागच्या दाराने येतो आणि केस काळे करून पुढच्या दाराने तरुण होऊन जातो. फिएस्ताच्या जत्रेच्या महिनाभर आधी तो असाच डोक्याला रंग लावून बसला होता. म्हणाला, "जोव्हलिन, पक्षाला गावात पंचवीस वर्षं होतायत. प्रदर्शन लावायचंय. पारलिंगी आणि समलिंगी बंधुभगिनींसाठी पहाट पक्षाची कामगिरी. सेनेटरबाई उद्घाटनाला येणारेत. तू लाव."

"मीच का?"

"अगं, तूच तर आमची कामगिरी आहेस!"

मी रंगाचा ब्रश हातात धरून आठवून पाहिलं. मी पार्लर काढलं तेव्हा पक्षाने काय केलं होतं? पक्षाने केस कापून घेतले होते. पण माणसाच्या डोक्यावर रंग ओला असताना वाद घालू नये, रंग कानावर उतरतो. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नगरभवनातून मिस पर्लांनी एक फाइल पाठवली. मिस पर्ला म्हणजे नगरसभेच्या कारकून. पंचवीस वर्षांत तिथे जो जे बोलला ते त्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि तरीही त्यांची झोप शांत लागते, ह्याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. फाइल चांगली जाड होती. मला वाटलं, आपण उगाच पक्षाबद्दल वाईट बोलतो. उघडून बघते तर नऊ फोटो. तेओफिस्तो 'मिस गे सान तेल्मो'च्या डोक्यावर मुकुट ठेवतोय, असे नऊ वर्षांचे नऊ. नऊही फोटोंत तो कॅमेऱ्याकडे बघतोय, त्यामुळे एका वर्षी मुकुट उलटा बसलाय आणि दुसऱ्या वर्षी तो शेजारच्या मुलीच्या डोक्यावर गेलाय. मग एक ठराव, आमच्यासारख्यांच्या अडचणींचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्याचा. सात वर्षांनी दुसरा ठराव, पहिल्या समितीने काय अभ्यास केला याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमण्याचा. दुसऱ्या समितीच्या एकुलत्या एक बैठकीचं टिपण आहे: प्रार्थना, राष्ट्रगीत, तांदळाचा केक, आभार. (केक कुणाकडचा होता हेही आहे. मिस पर्ला काही सोडत नाहीत.)

भाताच्या गिरणीपुढे रस्ता ओलांडायला इंद्रधनुष्याचे पट्टे रंगवले त्याचाही फोटो होता. रंग बास्केटबॉलच्या मैदानाचे उरलेले, म्हणून इंद्रधनुष्य चारच रंगांचं. नवव्या दिवशी रस्तेवाल्यांनी येऊन त्यावर पांढरा फासला. पक्षाच्या कागदात 'प्रकल्प पूर्ण' अशी नोंद आहे, आणि तुम्ही म्हणाल तर पूर्ण झालाच होता तो. राजधानीतल्या आपल्या पक्षाच्या कामगिरीचं एक पानही जोडलेलं होतं. भेदभावाविरुद्धचं विधेयक पक्षाने दर निवडणुकीनंतर न चुकता मांडलं आणि दर वेळी ते पहिल्या वाचनापर्यंत पोचलं. पुढचं वाचन काही होत नाही. आपली माणसं वाचायला जरा हळू आहेत, त्यांना वेळ द्यायला हवा.

तेओफिस्तोची दोन भाषणं तर एकाच टाचणीला होती. पहिलं शहरातल्या आमच्या लोकांच्या मिरवणुकीतलं, प्रेमाला कसलं बंधन नसतं वगैरे, अगदी डोळ्यांत पाणी आणणारं. दुसरं पुढच्याच रविवारचं, चर्चच्या कुटुंबदिनाचं, कुटुंब म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, बाकी सगळं परदेशातून आलेलं फॅड. (परदेशातून इथे पायजमे येतात, तिया. मी तर इथेच, तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत जन्मले, सुईण तुम्हीच बोलावली होतीत.) शेवटी एका संडासाचा नकाशा. नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर, कुणीही वापरावा असा, सर्वांसाठी खुला. गेल्या निवडणुकीला त्याची फीत कापली. किल्ली उपनगराध्यक्षांकडे असते. मी मिस पर्लांना विचारलं, सर्वांसाठी खुला आहे तर कुलूप कशाला? त्या म्हणाल्या, "उघडा ठेवला तर लोक वापरतील ना."

आणि ह्या सगळ्याच्या तळाशी, वहीच्या पानावर लिहिलेला एक अर्ज होता. तो वाचल्यावर मी दुपारची दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

तुम्हाला बाजारातले नोंग सेतो आणि नोंग बाल्दो आठवत असतील. बाचोयचा ठेला. बाल्दो रस्सा करायचे, सेतो शेवया उकळायचे आणि गिऱ्हाइकांशी भांडायचे. सत्तावीस वर्षं एका ठेल्यावर, एका घरात. तुम्ही इथे असताना त्यांना 'ते दोघे भाऊ' म्हणायचात. ते भाऊ नव्हते हे तुम्हालाही माहीत होतं, पण तुम्ही भल्या मनाच्या, त्यांना काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणायचात. अडीच वर्षांपूर्वी बाल्दो ठेल्यावरच कोसळले. अर्धं अंग गेलं. सेतोंनी त्यांना तीनचाकीत घालून इस्पितळात नेलं. तिथे खिडकीवर विचारलं, रुग्णाचे तुम्ही कोण? ह्या माणसाला सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गोंधळून ते म्हणाले, "मी बाचोयवाला."

मग बसा म्हणाले. सहीला रक्ताचं माणूस हवं. बाल्दोंचा पुतण्या बाकोलोदला, मध्ये समुद्र, वारा सुटलेला, बोटी बंद. सतरा तास गेले. पुतण्या आला, त्याने सही केली (काकाला तो आयुष्यात चार वेळा भेटला असेल), आणि मग उपचार सुरू झाले. जीव वाचला. उजवा हात गेला तो गेलाच. आता रस्साही सेतोच करतात. बाल्दोंच्या रश्श्याची चव त्याला नाही, आणि सगळा बाजार तो काही न बोलता पितो.

तर अर्ज सेतोंचा होता. लिहिलं होतं: आम्हा दोघांना एक कार्ड द्यावे, ज्यावर असे लिहिलेले असेल की हा माणूस माझा आहे व त्याच्यासाठी सही करण्याचा मला अधिकार आहे. दुसऱ्या काही गावांत देतात असे ऐकतो. आपला, आनिसेतो. बस, एवढंच. कागदावर शिक्का होता, शेती व मत्स्य समिती. आणि खाली शेरा: 'भाताच्या कापणीनंतर विचार करावा.'

मी तो कागद घेऊन तडक नगरभवनात गेले. मिस पर्ला म्हणाल्या, "कुटुंब समितीत माणसं पुरी नव्हती. आरोग्य समितीचे अध्यक्ष मुलीकडे दुबईला गेलेले. शेती समितीचे मंगळवार मोकळे होते."

"आणि कापणी?"

"पाच झाल्या," त्या म्हणाल्या. त्यांनी तेही लिहून ठेवलं होतं.

आता पुढचं मी मुद्दाम केलं असं तेओफिस्तो सगळीकडे सांगत फिरतोय. तुमच्या कानावर आलं तर विश्वास ठेवू नका. पक्षाने कामगिरी लावायला सांगितली, मी लावली. होतं ते सगळं छापखान्यातून मोठं करून आणलं आणि तारखांप्रमाणे व्यायामशाळेच्या भिंतीवर चिकटवलं. दोन समित्या शेजारी शेजारी, दोन भाषणं शेजारी शेजारी, संडासाचा नकाशा मधोमध, आणि शेवटी सेतोंचा अर्ज, शेऱ्यासकट. मला वाटलं होतं, कोण वाचणार? पुढारी भिंतीपुढे उभे राहतात, फोटो निघतो, पुढारी जेवायला जातात. पण उद्घाटनाला आलेल्या ह्या सेनेटरबाईंनी पर्समधून चष्मा काढला. तिया, त्या वाचायला लागल्या! अशी बाई आपल्या पक्षात टिकली कशी हे देवच जाणे. तेओफिस्तो त्यांना भाजलेल्या डुकराकडे न्यायला बघत होता आणि त्या एकेक कागद वाचत पुढे सरकत होत्या. अर्जापाशी थांबल्या. शेजारी सेतो पाहुण्यांसाठी बाचोयचे वाडगे घेऊन उभे होते. ते म्हणाले, "ते अक्षर माझं आहे."

सेनेटरबाईंनी भिंतीकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, मागे टीव्हीवाल्यांच्या कॅमेऱ्याकडेही बघितलं (सेनेटर आहेत शेवटी), आणि माईक घेऊन विचारलं, "हे कार्ड कधी मिळणार?" तेओफिस्तोच्या तोंडात केळीच्या पानातला भात होता. तो म्हणाला, "सोमवारी!" आणि सगळ्या व्यायामशाळेने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी नगरसभेच्या तळमजल्यावरच्या प्रेक्षक-गॅलरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिल्या बाकावर पंखा हलवत तेओफिस्तोची आई, नानाय सियोन, वय ब्याऐंशी, शनिवारीच माझ्याकडून केस कुरळे करून घेतलेले. त्यांच्या शेजारी सेतो, आणि सेतोंना टेकून बाल्दो. चर्चा दीड तास चालली. एक सभासद म्हणाले, आज ह्यांना कार्ड दिलं तर उद्या लोक आपल्या झुंजीच्या कोंबड्यासाठी कार्ड मागतील. सेतो गॅलरीतून ओरडले, "कोंबड्याला सही करता येते का? मग द्या त्याला!" त्यांना शांत राहायला सांगण्यात आलं. मग दुरुस्त्या झाल्या. 'जोडीदार' हा शब्द काही जणांच्या घशाखाली उतरेना, म्हणून तो काढून 'एका छपराखाली राहणारा निकटचा सोबती' असं घातलं. (उंदीरही त्यात बसतात, पण असू दे.) शिवाय ज्याला कार्ड हवं त्याच्या रक्ताच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची, तसं कुणी नसेल तर असेल त्या नातेवाइकाची संमती हवी, असंही घातलं. एवढं करून मतं पडली पाच आणि पाच.

अशा वेळी उपनगराध्यक्षाचं मत निर्णायक, हा नियम तुम्हीच मला लहानपणी समजावला होतात. सगळं सभागृह तेओफिस्तोकडे बघायला लागलं. तो म्हणाला, "पाच मिनिटं." आणि वर जाऊन सर्वांसाठी खुल्या संडासात शिरून त्याने आतून कडी लावली.

पाचाची पंधरा झाली, पंधराची चाळीस. सभा आपोआप बरखास्त व्हायला वीस मिनिटं उरली होती. मिस पर्लांनी मला खुणावलं. मी वर गेले, दार वाजवलं.

"तेओफिस्तो, बरं आहे ना?"

"जोव्हलिन? बघ, मी मनाने तुमच्याबरोबरच आहे."

"मन आत राहू दे. मत तेवढं बाहेर पाठव."

"तुला कळत नाही. फादर आहेत, सासरची मंडळी आहेत, मे महिन्यात निवडणूक आहे. मी हो म्हटलं तर हे जातात, नाही म्हटलं तर सेनेटरबाई जातात."

"आणि बाल्दो खाली बसलेत. त्यांना जिना चढता येत नाही, नाहीतर तेच आले असते."

मग तो बारीक आवाजात म्हणाला, "इथे पाणी नाही गं." फीत कापली तेव्हा नळ जोडायचा राहून गेला होता, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मला खरं सांगायचं तर रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. नानाय सियोन कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आल्या, मला हाताने बाजूला केलं आणि काठीने दार ठोकलं.

"तोफिंग! बाहेर ये. मला जायचंय."

"आई, खाली आहे ना बायकांचा."

"खाली रांग आहे. ह्या दारावर लिहिलंय सर्वांसाठी. मी सर्वांत नाही का?"

"आई, दोन मिनिटं."

"ब्याऐंशीव्या वर्षी दोन मिनिटं कुणाकडे असतात? तू सात वर्षांचा होईपर्यंत कुठे कुठे काय काय केलंस ते खाली गॅलरीत सांगू?"

कडी निघाली. तेओफिस्तो घामाने निथळत होता आणि माझा रंग त्याच्या कानापर्यंत उतरला होता. नानाय आत गेल्याच नाहीत. त्यांनी त्याचा कान धरला (हात काळा झाला, रुमालाला पुसला) आणि म्हणाल्या, "तुझे बाबा गेले तेव्हा सगळ्या कागदांवर मी सह्या केल्या. कुणी विचारलं नाही मी कोण. त्या सेतोला विचारलं. चल खाली."

खाली येऊन त्याने मत दिलं. ते इतक्या हळू दिलं की मिस पर्लांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो "हो, हो, हो!" असं ओरडला. मिस पर्लांनी तीनही हो लिहिले आणि एकच मोजला. ठराव मंजूर.

दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत फलक लागले: 'पहाट पक्षाचा ऐतिहासिक निर्णय! उपनगराध्यक्षांचं आयुष्यभराचं स्वप्न साकार!' कालपरवा कार्डंही छापून आली. त्यावर दोन सोबत्यांचे फोटो नखाएवढे आणि तेओफिस्तोचा बिस्किटाएवढा. पहिलं कार्ड सेतो आणि बाल्दोंना मिळालं. पुतण्या पुन्हा बोटीने आला, बिचाऱ्याने सही केली आणि ह्या वेळी जेवून गेला. बाल्दोंनी डाव्या हाताने सही केली. तिला बराच वेळ लागला. सेतोंनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला होता, हलू नये म्हणून. त्याचा फोटो कुणी काढला नाही, कारण तेव्हा तेओफिस्तोचं भाषण चालू होतं.

तर अशी ही आपल्या पक्षाची कामगिरी. तिकडच्या मंडळात जरूर सांगा. प्रकृतीला जपा, बर्फात एकट्या बाहेर पडू नका, आणि ह्या पोरीवर लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची,
जोव्हलिन

ता. क. – पायजमे पुन्हा पाठवू नका. क्रीम पाठवा.

ता. क. २ – पक्षकार्यालयाने तुमचा नवा फोटो मागितलाय. हसरा पाठवा, म्हणजे मेणबत्ती काढतील.

ता. क. ३ – पाकिटात एक घडी घातलेला कागद आहे, तो रद्दी समजून टाकू नका. तुम्ही दर पत्राखाली 'मागच्या खोलीतल्या भाडेकरूला नमस्कार' असं लिहिता. एल्मेर भाडेकरू नाही, तिया. अकरा वर्षं झाली. हेही तुम्हाला माहीत असावं, पण मी कधी लिहिलं नाही आणि तुम्ही कधी विचारलं नाही. मला पुढच्या महिन्यात पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. गाठ आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं नाही, पण ते सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. आई गेली, बाबा गेले. रक्ताच्या नात्यातलं वडीलधारं असं मला आता तुमच्याशिवाय कुणी नाही. कागद कार्डाच्या संमतीचा आहे, पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची. वर माझं नाव जोव्हेन्सियो असं आहे, कायद्याला अजून तेवढंच येतं. तुम्ही पाकिटावर लिहिता तेच, तेव्हा वाचायला अडचण पडू नये.

ता. क. ४ – नर्स मारिफे हे पत्र आणते आहे. ती तिथे दहा दिवस आहे, तिच्याच हाती कागद परत पाठवा. नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही लिहा, मी रागावणार नाही. फक्त 'बघू, विचार करते' असं लिहू नका. ऑपरेशन सतरा तारखेला आहे.